सोर तर अजून जागेवर आहे! मग भाकितांवर विश्वास ठेवायचा कसा?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना आलेले 'अं… म्हणजे…' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आला. पाठवणारी मुलगी कॉलेजात आहे. नाव घेऊ नका म्हणालीय, म्हणून घेत नाही. तिच्या चर्चच्या तरुणांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. बायबलमधली भाकितं शंभर टक्के खरी ठरली आणि हे घ्या पुरावे, अशा धाटणीचा. त्यात पहिलाच पुरावा सोर शहराचा. यहेज्केल संदेष्ट्याने सांगितलं होतं की सोर उद्ध्वस्त होईल, पुन्हा कधी बांधलं जाणार नाही, आणि बघा, तसंच झालं!

हिला उत्सुकता वाटली. हिने फोनवर नकाशा उघडला. तर लेबनानमध्ये सोर आहे की! नुसते अवशेष नाहीत, चालतं-बोलतं शहर आहे. रस्ते, शाळा, बंदर, हॉटेलं, सगळं.

तिने ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, 'शंका घेऊ नकोस, प्रार्थना कर.' तिने प्रार्थनाही केली म्हणे. शहर काही हललं नाही. व्हॉइस नोटचं शेवटचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना: 'दादा, हे एक खोटं निघालं तर बाकीचं कशावरून खरं?'

आता मीही पवित्र शास्त्र वाचत वाढलेला माणूस. आजी रोज संध्याकाळी एक अध्याय वाचायची आणि यहेज्केल सुरू झाला की आम्ही पोरं एकेक करून सटकायचो. अठ्ठेचाळीस अध्याय आहेत हो! पण या मुलीला 'प्रार्थना कर' एवढंच उत्तर देणं मला बरं वाटेना. म्हणून बसलो आणि सोरबद्दल जे जे लिहिलंय ते सगळं वाचलं. त्या व्हिडिओत जे नव्हतं, ते तिथेच सापडलं. थेट यहेज्केलच्या पुस्तकातच.

आधी हा माणूस कोण ते बघू. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने, म्हणजे नबुखद्नेस्सरने, यरुशलेमच्या राजाला आणि बड्या लोकांना कैद करून नेलं. त्यांच्यात यहेज्केल होता. तो बाबेलमध्ये खबार नदीकाठी निर्वासितांच्या वस्तीत राहायचा. पुढे दहा-अकरा वर्षांनी यरुशलेम पूर्णच पडलं, मंदिर जळालं. आणि त्या सुमारास समुद्रकाठचं श्रीमंत सोर काय म्हणत होतं? की बरं झालं, यरुशलेमचा दरवाजा मोडला, आता सगळा धंदा आपल्याकडे. शेजाऱ्याचं घर जळतंय आणि हा गल्ला मोजतोय! सव्विसाव्या अध्यायातला राग इथून सुरू होतो.

त्या अध्यायात काय आहे? सोरवर पुष्कळ राष्ट्रं चालून येतील. तट पाडले जातील, माती खरवडून उघडा खडक उरेल, तिथे कोळी जाळी वाळत घालतील. मग थेट नाव येतं: नबुखद्नेस्सर घोडे आणि रथ घेऊन येईल, वेशी फोडेल. संपत्ती लुटली जाईल, दगड-लाकूड-माती पाण्यात टाकली जाईल आणि शहर पुन्हा बांधलं जाणार नाही.

आता भूगोल. सोरचा मुख्य भाग तेव्हा बेटावर होता, किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटरच्या आसपास. किनाऱ्यावर त्याची जुळी वस्ती होती, जिला ग्रीक लोक जुनं सोर म्हणायचे. मुरुडचा जंजिरा पाहिलाय ना? समोर दिसतो, हाताशी आल्यासारखा वाटतो, पण मध्ये समुद्र. घोडे आणि रथ तिथे काय कामाचे?

नबुखद्नेस्सरने वेढा घातला हे खरं. योसेफस नावाच्या यहुदी इतिहासकाराने जुन्या नोंदींच्या आधारे लिहून ठेवलंय की हा वेढा तेरा वर्षं चालला. तेरा वर्षं! तुमच्यातले काही जण वेढा सुरू होताना पहिलीत असतील, तर संपताना पदवीला. शेवटी सोरने बाबेलचं वर्चस्व मान्य केलेलं दिसतं, म्हणजे काहीतरी तडजोड झाली. पण बेट उद्ध्वस्त झालं नाही. लूट तर मिळालीच नाही.

हे मला कुणी सांगितलं? एखाद्या नास्तिक यूट्यूबरने? नाही. यहेज्केलच्या एकोणतिसाव्या अध्यायाने सांगितलं.

तिथे एक उतारा आहे आणि त्यावर तारीख आहे: सत्ताविसाव्या वर्षाचा पहिला महिना, पहिला दिवस. आपल्या हिशेबाने इ.स.पू. ५७१. या पुस्तकातली ही सगळ्यात उशिराची तारीख. सोरविरुद्धचं भाकीत अकराव्या वर्षाचं, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेलीत. आणि आता संदेश काय? नबुखद्नेस्सरच्या सैनिकांनी सोरपायी एवढे कष्ट उपसले की डोक्यांची टक्कलं झाली, खांदे सोलवटून निघाले, पण त्याला किंवा त्याच्या सैन्याला सोरकडून मोबदला काही मिळाला नाही. म्हणून आता त्याला मिसर देश मजुरी म्हणून मिळेल.

मी हे दोनदा वाचलं. तोच संदेष्टा, तेच पुस्तक. एका ठिकाणी म्हणतं लूट होईल, दुसऱ्या ठिकाणी म्हणतं हाती काही लागलं नाही. आणि दोन्ही ठिकाणी तारखा! ज्यांनी ही पुस्तकं शतकानुशतकं हाताने उतरवली, त्यांना एक अध्याय गाळणं किती सोपं होतं विचार करा. निदान 'नबुखद्नेस्सर' हे नाव काढून टाकायचं. तेही कुणी केलं नाही.

मिसरचं पुढे काय झालं, तेही घाईने सांगून टाकतो. इ.स.पू. ५६८-६७ च्या सुमारास नबुखद्नेस्सरने मिसरवर स्वारी केली, याचा एका तुटक्या मातीच्या पाटीवर उल्लेख आहे. पण त्याच एकोणतिसाव्या अध्यायात मिसर चाळीस वर्षं ओसाड पडेल, असंही म्हटलंय. तसं झाल्याचं इतिहासात दिसत नाही. उलट तिथला राजा अमासिस इ.स.पू. ५२६ पर्यंत राज्य करत होता.

आता व्हिडिओवाल्यांचा मुद्दाही नीट ऐकू, कारण तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, नबुखद्नेस्सर ही पहिली लाट होती, पुढची लाट म्हणजे सिकंदर. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदर आला. बेटावर जायला वाट नाही म्हटल्यावर त्याने किनाऱ्यावरच्या जुन्या सोरचे दगड-लाकूड समुद्रात टाकून चक्क रस्ता बांधला. सात महिन्यांत शहर घेतलं. हजारो मारले, तीस हजारांच्या आसपास लोक गुलाम म्हणून विकले. (संभाजी महाराजांनी जंजिऱ्यासाठी समुद्रात असाच बांध घालायला घेतला होता, तो पुरा झाला नाही.) दगड, लाकूड, माती पाण्यात टाकली जाईल हे वर्णन आणि सिकंदराचा तो रस्ता शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. मलाही आला. 'पुष्कळ राष्ट्रं' असा शब्दही अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे.

पण मग उरलेलं? भाकितात सिकंदराचं नाव नाही, नबुखद्नेस्सरचं आहे. आणि 'पुन्हा बांधलं जाणार नाही' याचं काय? सिकंदरानंतर वीस वर्षांच्या आत सोर इतकं सावरलं होतं की त्याचाच एक सेनापती अँटिगोनस याला वर्षाहून जास्त काळ वेढा घालून बसावं लागलं. रोमन काळात तिथे रथांच्या शर्यतींचं भलंमोठं मैदान उभं राहिलं. येशू स्वतः सोरच्या मुलखात गेला होता, मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. पौल तिथल्या शिष्यांकडे सात दिवस राहिला, ते प्रेषितांच्या कृत्यांत आहे. म्हणजे सोर उरलं होतं हे नव्या कराराला पक्कं ठाऊक आहे! सिकंदराच्या रस्त्याभोवती वाळू साचत गेली आणि बेटाचं द्वीपकल्प झालं. १९८४ पासून तिथले अवशेष युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बंदरात कोळी आहेत, जाळीही आहेत. आता त्या जाळ्यांचा फोटो दाखवून 'पूर्ण झालं' म्हणायचं आणि मागच्या इमारती कापून टाकायच्या, ही कॅमेऱ्याची करामत झाली.

इथे मला जरा चिडून बोलायचंय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सोरवर हवाई हल्ले झाले. तेव्हा मला फॉरवर्ड आले, 'बघा, यहेज्केल २६ पूर्ण होतोय!' सोबत हात जोडलेले इमोजी. अरे, त्या शहरात माणसं राहतात. बंदराजवळ जुनी ख्रिस्ती वस्तीसुद्धा आहे. आपलं भाकीत बरोबर यावं म्हणून कुणाचं घर पडताना बघून आनंद मानायचा? सोरवर यहेज्केल चिडला होता तो नेमका याच गोष्टीसाठी.

बरं, मग भाकितं तपासायची की नाही? बायबल स्वतःच तपासायला सांगतं. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात सरळ कसोटी दिली आहे: संदेष्टा देवाच्या नावाने बोलला आणि तसं घडलं नाही, तर ते देवाचं बोलणं नव्हे, त्याला घाबरायचं कारण नाही. म्हणजे नकाशा उघडणारी आमची मुलगी काही पाप करत नव्हती. तिने अनुवाद १८ मध्ये सांगितलंय तेच केलं.

पण तेच बायबल दुसरीकडे सांगतं की हिशेब इतका सरळ नसतो. योना निनवेत जाऊन ओरडला की चाळीस दिवसांत शहर उलथेल. शहराने पश्चात्ताप केला, शहर वाचलं आणि भाकीत फसलं म्हणून योना रुसून बसला. ही गोष्ट वाटत असेल तर यिर्मयाचा सव्विसावा अध्याय घ्या. यिर्मया यरुशलेमविरुद्ध बोलला म्हणून त्याला मारून टाका, असं लोक म्हणत होते. तेव्हा काही वडीलधारे उठले आणि म्हणाले, शंभरेक वर्षांपूर्वी मीखासुद्धा हेच बोलला होता, सियोन नांगरलं जाईल म्हणून. तेव्हा हिज्कीया राजाने त्याला मारलं नाही, तो देवाला शरण गेला आणि अरिष्ट टळलं. गंमत बघा! त्या म्हाताऱ्यांच्या लेखी मीखाचं बोलणं घडलं नाही, म्हणूनच त्याचं काम झालं.

आपल्या भाषेत या लोकांना 'संदेष्टा' म्हणतात हे मला नेहमी आवडतं. संदेश आणणारा. ज्योतिषी पत्रिका बघून अमुक तारखेला अमुक होईल म्हणतो, त्यात तुमच्या वागण्याने फरक पडत नाही. संदेष्टा म्हणतो, असेच वागत राहिलात तर हे होईल, आता बोला. पण एवढं सांगून सोर सुटत नाही, हेही कबूल करतो. सोरने पश्चात्ताप केल्याचं यहेज्केल कुठेही म्हणत नाही. माझं मत विचाराल तर ते भाकीत जसं लिहिलंय तसं झालं नाही, आणि पुस्तकाने ते झाकलं नाही. प्रामाणिक असणं आणि अचूक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला त्या पुस्तकाचा प्रामाणिकपणा दिसतो. अचूकपणाचं ओझं आपण त्याच्या डोक्यावर दिलंय.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल दादा एकाच टीमकडून खेळतोय. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतून गुंडाळ्या मिळाल्या. त्यातली यशयाची मोठी गुंडाळी सात मीटरहून लांब आहे आणि येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीची आहे. म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाचा त्रेपन्नावा अध्याय ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसडला, असं कुणी म्हणत असेल तर ते सपशेल चूक. पण तीच गुंडाळी कोरेश राजाच्या नावाचा प्रश्न सोडवत नाही. यशया आठव्या शतकातला, कोरेश सहाव्या शतकातला, आणि पंचेचाळिसाव्या अध्यायात कोरेशचं नाव आहे. पुष्कळ अभ्यासक म्हणतात, चाळीसपासूनचे अध्याय बंदिवासाच्या काळात लिहिले गेले. श्रद्धावान वाचक म्हणतात, देवाने आधीच नाव सांगितलं. गुंडाळी दोन्हींच्या नंतरची, तिला साक्षीदार म्हणून बोलावून उपयोग नाही. दानीएलचंही तसंच. तिसऱ्या शतकातच पॉर्फिरी नावाच्या टीकाकाराने म्हटलं होतं की अकराव्या अध्यायातलं भाकीत अँटिओकस राजापर्यंत तंतोतंत जुळतं, कारण ते त्याच्याच काळात लिहिलंय. हा वाद तेव्हापासून चालूच आहे, आपण एका एपिसोडमध्ये काय मिटवणार!

तारखा काढणाऱ्यांचा इतिहास मात्र मिटलेला आहे. अमेरिकेत विल्यम मिलरने दानीएलच्या २३०० दिवसांवरून गणित मांडलं. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक वाट बघत बसले. २३ तारखेची सकाळ नेहमीसारखीच उजाडली. हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रचारकाने २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्याने जाहीरपणे चूक कबूल केली. आणि मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू म्हणतो की तो दिवस पुत्रालासुद्धा माहीत नाही. तरी आमच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी कुणालातरी माहीत होतो!

आता त्या मुलीच्या प्रश्नावर येतो. मग विश्वास ठेवणं म्हणजे काय? तिला मी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचायला सांगितला. तो तुम्हालाही सांगतो.

बाबेलचं सैन्य यरुशलेमला वेढा घालून बसलंय. शहरात उपासमार. यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत, कारण राजा हरणार असं तो उघड बोलतोय. त्याला मनात कळतं की चुलतभाऊ हनामेल येईल आणि गावाकडचं, अनाथोथचं शेत विकत घे म्हणेल. आणि खरंच हनामेल येतो. इथे एक छोटंसं वाक्य आहे, घाईत वाचलं तर निसटतं. यिर्मया म्हणतो, तेव्हा मला कळलं की ते परमेश्वराचं बोलणं होतं. तेव्हा! म्हणजे त्याआधी खुद्द संदेष्ट्यालाही खात्री नव्हती.

शेत शहराबाहेर, म्हणजे शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी, साधारण दोनशे ग्रॅम, ताजव्यात तोलून देतो. साक्षीदारांच्या सह्या होतात. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहरबंद, एक उघडी. त्या बारूखच्या हातात देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा संदेश त्याला मिळालेला असतो. नेमकं कधी, ते या व्यवहारात कुठेच नाही.

आणि मग व्यवहार झाल्यावर तो प्रार्थना करतो, ती चक्क कुरकुर आहे. देवा, बघतोयस ना, वेढ्याचे मोर्चे तटाला भिडलेत, शहर गेल्यात जमा आहे, आणि तू मला शेत घे म्हणालास! पैसे आधी दिले, शंका नंतर विचारली. दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडून.

त्या मुलीने विचारलं, 'मग ते शेत त्याला मिळालं का?' नाही मिळालं. शहर पडलं. पुढे उरलेले लोक मिसरला पळाले, आणि यिर्मयालाही त्याच्या मनाविरुद्ध सोबत घेऊन गेले. तो परत आल्याची नोंद नाही. बंदिवास सत्तर वर्षांचा असेल असं तोच म्हणाला होता. यरुशलेम पडल्यापासून बाबेल पडेपर्यंत मोजलं तर सत्तेचाळीस भरतात, मंदिर जळाल्यापासून नवं मंदिर उभं राहीपर्यंत मोजलं तर सत्तर. मोजायला कुठून सुरुवात करायची यावर आजही लोक भांडतात.

पण एज्राच्या दुसऱ्या अध्यायात परत आलेल्यांची यादी आहे. वाचायला अतिशय कंटाळवाणी, नुसती नावं आणि आकडे. आजीसुद्धा ती गाळायची. तेविसाव्या वचनात एक ओळ आहे, अनाथोथच्या माणसांची. १२८ जण परत आले. त्यातल्या कुणाला शेताचं ते खरेदीखत सापडलं की नाही, ते तिथे लिहिलेलं नाही.